नाक्सोसवर बीच कसा निवडावा: आधी वारा, मग वाळू

कोकणात वाढलेला माणूस समुद्रावर निघताना आधी विचारतो, भरती किती वाजता आहे? ग्रीसमध्ये या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. एजियन समुद्रात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर असतो. सकाळी पाण्यापासून चार पावलांवर पंचा अंथरला, तर संध्याकाळीही पाणी चार पावलांवरच असतं. तिथे विचारायचं ते एवढंच की आज वारा कुठून आहे आणि किती आहे. बेटावरचे कोळी, बोटवाले, खानावळवाले सगळे दिवसाची सुरुवात याच चौकशीने करतात. पहिल्यांदा जाणारे पर्यटक मात्र ‘टॉप टेन बीच’च्या याद्या घेऊन निघतात. मग यादीत पहिल्या नंबरावर असलेल्या किनाऱ्यावर तोंडात वाळू घेऊन बसतात, आणि डोंगराच्या पलीकडे त्याच वेळी पाणी तळ्यासारखं शांत असतं.

हा लेख नाक्सोस बेटाबद्दल आहे. पण रीत कळली की ती पारोस, मिलोस, नाहीतर शेजारच्या कुठल्याही बेटावर चालते.

बेट कोणतं, आणि नाक्सोसच का

आपल्याकडच्या बहुतेक सहलींचा मार्ग ठरलेला असतो: अथेन्स, मिकोनोस, सँटोरिनी. सँटोरिनी बघायला अप्रतिम आहे, यात वाद नाही. पण ती पांढरी गावं ज्वालामुखीच्या उंच कड्यावर वसलेली आहेत. खाली उतरून पोहावं असा वाळूचा किनारा त्या बाजूला नाही. पोहायला बेटाच्या दुसऱ्या अंगाला, कामारी किंवा पेरिसाला जावं लागतं. तिथली वाळू काळी. दुपारी त्या वाळूवर अनवाणी चालून दाखवावं! मिकोनोसला बीच चांगले आहेत, पण तिथे गाणी, गर्दी आणि बिल तिन्ही जोरात.

या दोघांच्या मधोमध नाक्सोस आहे. सायक्लेडीज द्वीपसमूहातलं हे सगळ्यात मोठं बेट, क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर. त्याच्या पोटात खरेखुरे डोंगर आहेत. झास शिखराची उंची १,००० मीटरच्या किंचित वर जाते. हे डोंगर पुढे आपल्या कामाला येणार आहेत. पश्चिम किनाऱ्यावर होरा या मुख्य गावापासून दक्षिणेकडे पिर्गाकीपर्यंत एकामागून एक वाळूचे किनारे लागतात, मध्ये खडकांची लहानसहान नाकं. म्हणजे एकाच रस्त्यावर डझनभर पर्याय. नवख्या माणसाला एवढं सोपं बेट दुसरं सापडणं कठीण. क्रीट मोठं आणि सुंदर आहे, पण चार-पाच दिवसांच्या सहलीत तिथले निम्मे तास गाडीत जातात.

अथेन्सच्या पिरेयस बंदरातून मोठी बोट साधारण पाच-साडेपाच तासांत पोचवते. वेगवान बोट त्याहून लवकर, पण तिकीट महाग आणि लाटांत हेलकावे जास्त. बोट लागणाऱ्यांनी मोठीच घ्यावी. अथेन्सहून लहान विमानंही जातात.

महिना ठरवताना

समुद्राचं तापमान हा आपल्या लोकांना बसणारा पहिला धक्का. कोकणातलं पाणी बाराही महिने कोमट असतं, २६-२७ अंशांच्या खाली क्वचितच जातं. एजियन मे महिन्यात १८-१९ अंश असतो, म्हणजे पाय बुडवून किंकाळी फोडण्याइतका. जूनच्या अखेरीस २२-२३, ऑगस्टमध्ये २४-२५. सप्टेंबरमध्ये पाणी जवळपास तेवढंच राहतं आणि माणसं कमी होतात. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पोहता येतं, पण किनाऱ्यावरची हॉटेलं महिनाअखेर एकेक करून बंद होऊ लागतात आणि बरीचशी थेट ईस्टरच्या सुमारास उघडतात.

मला विचाराल तर सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे. मुलांच्या शाळेमुळे मे-जूनच जमणार असेल तर जूनचा पहिला आठवडा गाठा आणि गार पाण्याची मानसिक तयारी ठेवा. १५ ऑगस्टच्या आसपास मात्र शक्यतो जाऊ नका. आपला स्वातंत्र्यदिन तो तिकडे मेरीमातेचा मोठा सण. त्या आठवड्यात निम्मं अथेन्स बेटांवर उतरतं, बोटी भरलेल्या असतात आणि खोल्यांचे भाव चढलेले.

मेल्तेमी नावाचा पाहुणा

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून कोरडा, जोरदार वारा वाहतो. ग्रीक लोक त्याला मेल्तेमी म्हणतात. आकाश निळंभोर, ढगाचा मागमूस नाही, आणि तरी वारा छत्र्या उपटून टाकतो. आपल्याला वादळ म्हटलं की काळे ढग अपेक्षित असतात, म्हणून सुरुवातीला खिडकीतून बघून फसगत होते.

या वाऱ्याचं आपल्याशी थेट नातं आहे. उन्हाळ्यात दक्षिण आशियावर कमी दाबाचं मोठं क्षेत्र तयार होतं. अरबी समुद्रावरून कोकणात पाऊस खेचून आणतं ते हेच. त्याची एक शेपटी पश्चिमेकडे इराणवरून तुर्कस्तानपर्यंत पसरते. त्याच वेळी बाल्कन प्रदेशावर दाब जास्त असतो. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघालेली हवा या दोहोंमधल्या एजियन समुद्रावरून खाली वाहते, आणि तोच मेल्तेमी. म्हणजे आपल्याकडे सह्याद्रीवर धो धो कोसळत असतो त्याच महिन्यांत तिकडे कोरडा वारा पिसाटलेला असतो, आणि दोघांचा धागा एकच.

नवख्याला एवढं माहीत असलं तरी पुरे:

मेल्तेमी एकदा सुरू झाला की दोन-तीन दिवस तरी टिकतो, कधी आठवडाभर. साधारणपणे सकाळी मंद, दुपारी जोरात, रात्री पुन्हा कमी. जोर जास्त असला तर रात्रीही थांबत नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पोहायचं ते सकाळी आठ ते अकरा. आपले लोक सुट्टीत दहाला नाश्ता करतात आणि बाराला बीचवर पोचतात, तेव्हा ऊन आणि वारा दोन्ही ऐन भरात असतात.

वाऱ्याचा जोर तिथे बोफर्ट मापात सांगतात. टॅक्सीवाला ‘आज सहा आहे’ म्हणाला तर त्याचा अर्थ ताशी ४० ते ५० किलोमीटरचा वारा. तीनपर्यंत, म्हणजे ताशी २० किलोमीटरच्या आत, कुठेही जा. चार-पाचला बाजू निवडून जा. सहा म्हणजे अंगावर वाळूचे चटके बसतात. सात-आठला बीच विसरा आणि डोंगरातल्या गावांत फिरा. त्यासाठी नाक्सोसवर हाल्की आहे, संगमरवरी गल्ल्यांचं आपेरान्थोस आहे.

अंदाज मोबाइलवर मिळतो. विंडी किंवा विंडगुरू यांपैकी एखादं अॅप घ्या. त्यात ‘उत्तरेचा वारा’ म्हणजे उत्तरेकडून येणारा वारा, उत्तरेकडे जाणारा नाही. हे उलटं वाचलं की सगळी निवड उलटी होते. सरासरी वेगाशेजारी झोतांचाही आकडा असतो. निर्णय झोतांच्या आकड्यावर घ्यावा.

मुक्काम कुठे

यावर फार डोकं खाऊ नका. गाडी घेणार नसाल तर होरामध्ये राहा. बंदर, बसस्थानक, बाजार सगळं हाताशी, आणि गावाच्या दक्षिण टोकाला आयिओस येओर्यिओस हा बीच चालत गाठता येतो. दिवसभर पाण्यात राहायचं असेल तर पाच-सहा किलोमीटरवरचं आयिओस प्रोकोपिओस किंवा त्याला लागून असलेलं आयिया आना बरं. शांतता हवी आणि हाताशी गाडी आहे, तर प्लाका किंवा त्याच्याही दक्षिणेला. नकाशावर ‘आयिओस’ नावाची गर्दी दिसेल. हे सगळे संत आहेत. आपल्या वाडी-वाडीला देऊळ तसं तिथे प्रत्येक खाडीला चर्च.

सकाळचा निर्णय

आता मुख्य काम. रोज सकाळी कॉफीच्या आधी बाजू ठरवायची. होरामध्ये राहत असाल तर अॅप उघडण्याआधी एक सोपी परीक्षा आहे. गावाच्या उत्तर अंगाला ग्रोट्टा नावाचा उघडा किनारा आहे. तिथून पोर्ताराकडे बघा. पोर्तारा म्हणजे अपोलोच्या अपुऱ्या राहिलेल्या मंदिराचा संगमरवरी दरवाजा, इसवी सनपूर्व सहाव्या शतकातला. बंदराच्या तोंडाशी एका टेकाडावर तो एकटा उभा आहे. ग्रोट्टावर लाटा फुटत असतील आणि दूर समुद्रावर पांढऱ्या फेसाच्या रेघा दिसत असतील, तर उत्तरेचा वारा जागा झाला आहे. पाणी सपाट असेल तर आज सगळं बेट तुमचं.

*वारा पडलेला असेल तर* दूरचा बेत याच दिवशी करा. बेटाच्या उत्तर टोकाला आपोलोनास हे छोटं गाव आहे. एरवी मेल्तेमी सरळ त्याच्या तोंडावर आपटतो, त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी तिथे जाण्यात अर्थ नाही. शांत दिवशी मात्र गोट्यांच्या किनाऱ्यावर पाणी आरशासारखं असतं. गावाच्या वर जुन्या खाणीत संगमरवरातून अर्धवट कोरलेला, सुमारे साडेदहा मीटर लांबीचा पुतळा आडवा पडलेला आहे. अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कारागिरांनी तो सोडून दिला आणि तो तिथेच राहिला. मुलांना पोहण्यापेक्षा तोच जास्त आवडतो.

पूर्व किनाराही अशाच दिवशी करावा. आपेरान्थोसवरून वळणावळणाचा रस्ता मुत्सुनाला उतरतो. इथे खाणीतला एमरी हा कठीण काळसर दगड, म्हणजे आपल्या कुरुंदाचाच भाऊबंद, आकाशदोरीने, म्हणजे रोपवेने, डोंगरावरून खाली बंदरात आणत असत. त्या दोरीचे लोखंडी खांब अजून उभे आहेत. मुत्सुनाहून दक्षिणेला किनाऱ्याकाठच्या रस्त्याने प्सिली आमोस लागतं आणि अगदी शेवटी पानोर्मोस. होरापासून जायलाच दीड तासाच्या आसपास लागतो. माणसं कमी, खाण्याची सोय त्याहून कमी. पाणी, बिस्किटं, फळं आधीच गाडीत टाकावीत.

*वारा मध्यम, चार-पाच असेल तर* पश्चिम किनारा. यातही डोळे मिटून जाऊ नये. आयिओस प्रोकोपिओसच्या डोक्यावर स्टेलिडा नावाची टेकडी आहे, ती उत्तरेचा वारा बऱ्यापैकी अडवते. (याच टेकडीवर उत्खननात दगडी हत्यारं सापडली आहेत, जवळपास दोन लाख वर्षं जुनी. बीचवर पडल्या पडल्या एवढा इतिहास डोक्याशी असणं मला फार गमतीचं वाटतं.) इथली वाळू जाड, रव्यासारखी दाणेदार आहे. ती अंगाला चिकटत नाही, वाऱ्याने उडत नाही आणि पाणी गढूळ करत नाही. म्हणून मध्यम वाऱ्यातला माझा पहिला कौल याच बीचला. एक अडचण आहे. पाणी पटकन खोल होतं. चार-पाच पावलांत छातीपर्यंत येतं.

आयिया आना त्याला लागूनच आहे. कोळ्यांच्या होड्यांचा छोटा धक्का, काठावर खानावळी, संध्याकाळी बसायला छान. तिथून पुढे प्लाका सुरू होतो, सुमारे चार किलोमीटरचा सलग वाळूपट्टा. सुरुवातीला छत्र्या आणि गर्दी, पुढे चालत गेलं की मोकळी जागा. वाळू बारीक आणि किनारा मोकळा असल्यामुळे वारा पाचच्या वर गेला की प्लाका सोसत नाही. प्लाकाच्या दक्षिण भागात आणि पलीकडच्या ऑर्कोसच्या खडकांमधल्या छोट्या कोपऱ्यांत विवस्त्र पोहणारी मंडळी असतात. ही तिथली जुनी रीत आहे आणि कुणी कुणाकडे बघत नाही. आजी-आजोबा सोबत असतील तर आधी कल्पना द्यावी, किंवा प्लाकाच्या उत्तर टोकालाच बसावं. मोबाइल कॅमेरा तिथे बाहेर काढू नये, हे सांगायला नको.

*वारा जोराचा, पाच-सहा असेल तर* आणखी दक्षिणेला सरका. मिक्री विग्ला हे खडकाचं नाक यासाठी सगळ्यात शिकण्यासारखं ठिकाण. त्याच्या उत्तर बाजूला वारा आणि लाटा थेट येतात, तिथे पतंगाच्या दोरीला लटकून पाण्यावर उडणाऱ्या काइटसर्फरांची जत्रा असते. तोच खडक ओलांडून दक्षिण बाजूला या. शंभर-दोनशे पावलांचं अंतर, पण पाण्यावर तरंगसुद्धा कमी. एका दिवशी दोन्ही बाजू बघितल्या की वाऱ्याची गोष्ट पुन्हा कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

त्याच्या खाली कास्त्राकीचा लांब, पांढुरका किनारा. मग आलिको. इथे जुनिपरची बुटकी, वाऱ्याने वाकलेली झाडं आणि मध्येच एका अर्धवट सोडून दिलेल्या हॉटेलचा सांगाडा. भिंतींवर मोठमोठी चित्रं रंगवलेली आहेत. खाली छोट्या छोट्या खाड्या, त्यातल्या एकीला सगळे ‘हवाई’ म्हणतात. पाण्याचा निळा रंग खरंच तसा आहे. उतरायची वाट मात्र तीव्र उताराची आणि निसरडी आहे. गुडघेदुखी असलेल्यांनी वरूनच फोटो काढावा. सावलीही जवळपास नाही. या पट्ट्याच्या शेवटी पिर्गाकी. जोराच्या वाऱ्यात कुटुंबाला घेऊन कुठे जावं असं कुणी विचारलं तर मी मिक्री विग्लाची दक्षिण बाजू नाहीतर पिर्गाकी सांगेन.

*दक्षिणेचा वारा* मे किंवा ऑक्टोबरमध्ये भेटू शकतो. तेव्हा वरचं सगळं उलटं करायचं. दक्षिणेकडे तोंड असलेल्या खाड्या सोडून उत्तरेचे किनारे बघायचे. वसंतात या वाऱ्यासोबत कधी कधी सहारातली धूळ येते आणि आकाश पिवळट होतं. एखाद-दोन दिवसांत निवळतं.

सोबत कोण आहे

लहान मुलं आणि पोहता न येणारी मोठी माणसं असतील, आणि आपल्या घोळक्यात ती असतातच, तर होराच्या आयिओस येओर्यिओसला तोड नाही. पाणी कितीतरी दूरपर्यंत गुडघाभर. मागे दुकानं, स्वच्छतागृह, आइस्क्रीम. दिसायला हा बीच सगळ्यात साधा, म्हणून याद्यांमध्ये खाली असतो. त्याच्या दक्षिण टोकाला उथळ खाजण आहे. वारा असला की तिथे विंडसर्फिंग शिकवतात. पडलो तरी उभं राहता येतं, त्यामुळे शिकायला सुरुवात करणाऱ्यांना जागा उत्तम.

ज्येष्ठांसाठी बीच निवडताना वाळूपेक्षा सावली बघा. बऱ्याच किनाऱ्यांवर पाण्याच्या काठाने खारं पाणी सोसणारी, बारीक पानांची टॅमरिस्कची झाडं असतात. त्यांच्याखाली बसायला पैसे पडत नाहीत, पण जागा सकाळी नऊच्या आत पकडावी लागते.

कपड्यांची काळजी नको. सलवार-कमीज घालून काठावर बसलेल्या बाईकडे कुणी वळून बघत नाही. पाण्यात जाताना मात्र सुती कपडे टाळा. ते भिजून जड होतात आणि वाऱ्यात अंग काकडतं. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घेतला की ऊन आणि संकोच दोन्हींचा बंदोबस्त होतो.

सनबेड की पंचा

ग्रीसमध्ये समुद्रकिनारा सार्वजनिक असतो. हॉटेलासमोरची वाळू हॉटेलाच्या मालकीची होत नाही. व्यावसायिकांना छत्र्या आणि सनबेड लावायला जागा भाड्याने मिळते, पण काही वर्षांत त्या इतक्या पसरल्या की साध्या माणसाला पंचा टाकायला जागा उरेना. २०२३ च्या उन्हाळ्यात शेजारच्या पारोस बेटावर रहिवासी पंचे घेऊन रस्त्यावर, म्हणजे वाळूवर उतरले. ‘पंचा आंदोलन’ म्हणून ते गाजलं आणि इतर बेटांवरही पसरलं. २०२४ मध्ये नवा कायदा आला. किनाऱ्याचा किमान निम्मा भाग मोकळा हवा, संरक्षित क्षेत्रात ७० टक्के, आणि पाण्यापासून चार मीटरच्या आत सनबेड नकोत. तक्रारीसाठी सरकारने मायकोस्ट नावाचं अॅपही काढलं.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा: मोकळ्या भागात पंचा टाकायला कुणाची परवानगी लागत नाही. कुणी हटकलं तर हसून ‘इथे भाड्याची हद्द कुठून सुरू होते?’ एवढं विचारावं. सनबेड घ्यायचा असेल तर बसण्याआधी भाव विचारा. तो जोडीचा असतो की एकेकाचा, दिवसाचा की खाण्यापिण्याच्या किमान बिलात धरलेला, हे आधी स्पष्ट करून घ्या. पहिल्या रांगेला जास्त पडतात. जोराच्या वाऱ्यात तर मागची रांगच सुखाची असते, तेव्हा जास्त पैसे देऊन जास्त वाळू खाण्यात काय हशील?

शाकाहारी मंडळींचे हाल होत नाहीत. बीचवरच्या साध्या खानावळीत, ज्याला तिथे तावेर्ना म्हणतात, फावा हे पिवळ्या डाळीचं घट्ट वाटण, टोमॅटो-मिरचीत भात भरून भाजलेलं येमिस्ता, मोठ्या वालांसारख्या दाण्यांची गिगांतेस ही भाजी, आणि नाक्सोसच्या प्रसिद्ध बटाट्यांचे तळलेले काप मिळतात. ग्राविएरा हे इथलं चीज आवर्जून खावं. ‘निस्तीसिमो’ विचारलं तर उपासाचा पदार्थ दाखवतात, ज्यात मांस, अंडी, दूध नसतं. पण त्यांच्या उपासाला कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात, हे ध्यानात ठेवून पुन्हा एकदा विचारून घ्या.

पाण्यात उतरताना

एक धोका आपल्या लोकांना अजिबात ठाऊक नसतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या आडोशाच्या खाडीत पाणी शांत असतं, कारण वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असतो. अशा वेळी रबरी ट्यूब, हवेची गादी, फुगवलेला मगर किंवा फ्लेमिंगो पाहता पाहता खोल समुद्रात जातो, आणि त्यावरचं मूलही. वाऱ्याच्या दिवशी फुगवायची खेळणी पाण्यात नेऊच नयेत. बॉल वाहून गेला तर जाऊ द्यावा, त्याच्या मागे पोहू नये.

जीवरक्षक सगळीकडे नसतात. गर्दीच्या किनाऱ्यांवर, उन्हाळ्यात, दिवसाच्या ठरावीक वेळेतच असतात. लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचं नाही, त्यावर चर्चा नाही. तातडीला ११२, तटरक्षक दलाला १०८. हा १०८ आपल्याकडे रुग्णवाहिकेचा नंबर असल्याने लक्षात राहायला सोपा.

खडकाळ जागी पायांखाली काळे काटेरी गोळे दिसतील. ते समुद्री साळिंदर म्हणता येतील असे सी-अर्चिन. काटा पायात मोडतो आणि दिवसचे दिवस छळतो. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट घ्या, होराच्या दुकानांत सहज मिळतात. काही किनाऱ्यांवर तपकिरी, फितीसारख्या पानांचे ढीग पडलेले असतात. ती घाण नाही. पोसिडोनिया या समुद्री गवताची ती वाळकी पानं, आणि त्यांच्यामुळे वाळू वाहून जात नाही. निळा झेंडा, म्हणजे ब्लू फ्लॅग, पाण्याची स्वच्छता आणि सोयी यांबद्दल सांगतो. आजचा वारा त्याला माहीत नसतो.

जायचं कसं

होरातून आयिओस प्रोकोपिओस, आयिया आना आणि प्लाकाला उन्हाळ्यात बस वरचेवर सुटतात. बसस्थानक बंदराजवळच आहे, तिकीट चढण्याआधी काढून ठेवावं. मिक्री विग्ला, कास्त्राकी, पिर्गाकीला फेऱ्या मोजक्या, म्हणून परतीची शेवटची बस किती वाजता हे उतरतानाच चालकाला विचारा. पूर्व किनाऱ्याला गाडीशिवाय जाण्याचा हट्ट करू नये.

गाडी किंवा चारचाकी बाइक घेणार असाल तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो निघण्याआधी आपल्या आरटीओतून काढायचा, तिथे पोचून मिळत नाही. गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते. भाड्याच्या विम्यात कच्च्या रस्त्यावरचं नुकसान, टायर आणि गाडीचं पोट बहुधा धरलेलं नसतं. प्लाकाच्या मागचा आणि आलिकोकडचा काही रस्ता कच्चा आहे, तेव्हा करार वाचून मग वळा.

परतीचा दिवस

वारा फक्त बीचच ठरवत नाही, बोटीही ठरवतो. जोर वाढला की बंदर प्रशासन बोटी सोडायला मनाई करतं. लहान आणि वेगवान बोटी आधी अडकतात, मोठ्या नंतर. तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा पुढची बोट मिळते, पण अथेन्सहून मुंबईचं विमान कुणाची वाट बघत नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये विमानाच्या दिवशीच बेटावरून निघण्याचा बेत आखू नका. आदल्या रात्री अथेन्सला मुक्काम ठेवा. अंदाजात सात बोफर्टच्या वरचे दिवस दिसू लागले तर एक दिवस आधीच बेट सोडा, आणि वेगवान बोटीचं तिकीट असेल तर ते मोठ्या बोटीवर बदलून घ्या. हा बदल करून मिळतो का, ते बंदरावरच्या तिकीट कार्यालयात विचारा. सकाळी लवकर गेलात तर रांगही लहान असते.